कियोआजीचे तळपाय

(सकाळ. गोठ्यात गायीची धार काढता काढता बयाबाई जपानात कामाला गेलेल्या लेकीशी, प्रगतीशी, व्हिडिओ कॉलवर बोलतेय.)

बयाबाई : काळं म्हंजी किती काळं?

प्रगती : काळेकुट्ट, आई. तव्याच्या बुडासारखे. दोन्ही तळपाय.

बयाबाई : मग चांगलंच की! तेवढी उष्णता निघाली म्हातारीच्या अंगातनं. आबांचं बी चोळलं की असंच व्हत्यात.

प्रगती : उष्णता-बिष्णता काही नसतं गं. काशाची वाटी तेलात घासली की काळं येतं, पुसलं की जातं. पण हे जपानच्या माणसांना कुठं ठाऊक? त्यांनी अँब्युलन्स बोलावली.

बयाबाई : काय बोलावली?

प्रगती : अँब्युलन्स. बोंबलत आली थेट दारात.

बयाबाई : अगं आई गं! थांब, गायीखाली बसलीया, बादली बाजूला ठेवती. आबा! ओ आबा! हिकडं या गोठ्यात. तुमच्या नातीनं जपानात घोळ घातलाय.

म्हस्कू आबा : काय झालं? परत पडली का काय बर्फात?

प्रगती : नाही आबा, मी बरी हाय.

म्हस्कू आबा : मग पडली असतीस तरी परवडलं असतं. तोंड बघ कसं झालंय पोरीचं. बोल, बोल.

प्रगती : नीट ऐका. मी ज्या वृद्धाश्रमात कामाला हाय ना, तिथं एक कियोआजी हाय. नव्वदीची. पाय सदा गार. दुपारची झोपतच नाही, नुसत्या हाका मारत बसते. कुणाला मारते ते तिलाच ठाऊक. काल जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याकडं गेले. आईनं बॅगेत घातलेली काशाची वाटी घेतली, खोबरेल लावलं आन् बसले तळपाय चोळत. बघता बघता घोरायला लागली.

म्हस्कू आबा : मग वाईट काय झालं त्यात?

प्रगती : पुसायचं राहिलं. खालच्या मजल्यावरून मला बोलावणं आलं. मी तसंच पांघरूण टाकलं आन् पळाले. नंतर नर्सबाईंनी पांघरूण उचललं. त्यांना वाटलं, रक्त बंद पडलं, पाय गेले आजीचे. इकडच्या थंडीत म्हाताऱ्या माणसांचं तसं होतं म्हणे.

बयाबाई : मग तू तिथंच सांगायचं न्हाई का, वाटी घासलीया म्हणून!

प्रगती : मला पत्ताच नव्हता. मी खाली एका आजोबांना आंघोळ घालत होते. वर येईस्तोवर गाडी गेली पण. हॉस्पिटलात डॉक्टरनं ओला कापूस फिरवला, तर पाय लख्ख.

म्हस्कू आबा : ह्या ह्या ह्या! त्या डाक्टरचं तोंड बघायला पायजे व्हतं!

प्रगती : हसू नका ना आबा. आजीचा मुलगा काम सोडून धावत गेला होता. साठीचा माणूस.

बयाबाई : धावणारच. ल्योक हाय त्यो. आबा, तुम्ही जरा हसायचं बंद करा. आता काय म्हणत्यात तिथली माणसं?

प्रगती : चौकशी लावलीय. कुणी काय लावलं, कुणाला विचारून लावलं. आज दुपारी मीटिंग हाय. आजीचा मुलगा पण येणार हाय.

बयाबाई : तू सांगितलंस का, मी लावलं म्हणून?

प्रगती : मीटिंगला सगळे असणार हायत.

बयाबाई : मी काय इचारतीया? सांगितलंस का?

प्रगती : नाही सांगितलं.

बयाबाई : न्हाई?

प्रगती : जीभच रेटली नाही गं. सगळे इतके भडकलेले. आन् आधीच माझी कचऱ्याची एक तक्रार झालीय. चुकीच्या वारी बाटल्या बाहेर ठेवल्या म्हणून शेजाऱ्यानं पिशवी परत माझ्या दारात आणून ठेवली होती ना, तीच. आमच्या सुपरवायझर हायाशीबाई तेव्हाच म्हणाल्या, इथून पुढं विचारल्याशिवाय काही करायचं नाही. आता हे कळलं तर सरळ घरी धाडतील.

बयाबाई : कुणी बघितलं का तुला चोळताना?

प्रगती : कुणीच नाही.

बयाबाई : झालं तर मग. गप ऱ्हा. ती वाटी टाक नेऊन नदीत.

प्रगती : इथं नदीत टाकली तर त्याची आणखी एक तक्रार होईल.

बयाबाई : मग ठेव कपड्यांच्या तळाला. आपण काय चोरी केली न्हाई, खून केला न्हाई. चार दिस गेलं की माणसं इसरत्यात.

प्रगती : आई, पण सगळ्यांना लानचा संशय येतोय.

बयाबाई : ही कोण आणि?

प्रगती : व्हिएतनामची पोरगी. माझ्याच वयाची. काल त्या मजल्यावर तिची ड्युटी होती. तिला जपानी माझ्याहून कमी येतं. काल नुसतं "मी नाही, मी नाही" म्हणत होती. आता पलीकडच्या खोलीत बॅग भरायला बसलीय. चेन ओढल्याचा आवाज येतोय इथं.

बयाबाई : तिला आई असंल ना तिकडं?

प्रगती : हाय की. शेतातच राबते. भाताचं शेत हाय त्यांचं.

बयाबाई : हं.

म्हस्कू आबा : बया, त्या फोनचं तोंड जरा माझ्याकडं कर. पोरी, आमचा गेणबा तुला ठाव हाय का? माझा चुलतभाऊ.

प्रगती : ऐकलंय नाव.

म्हस्कू आबा : आम्ही मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो तवाची गोष्ट. परक्याच्या रानात मेंढरं बसवायची तर आधी मालकाला इचारायचं, ही आमची रीत. एकदा गेणबाची मेंढरं न इचारता एकाच्या वालाच्या शेतात घुसली. पार भुई करून टाकली. बाकीचे म्हणाले, बिऱ्हाड उचला, घोडी लादा, मालक उठायच्या आत पसार व्हऊ. गेणबा म्हणाला, तुम्ही जा. त्यो सोता त्या मालकाच्या अंगणात जाऊन हुभा राहिला.

प्रगती : मारलं का मालकानं?

म्हस्कू आबा : लई शिव्या घातल्या. घालून घालून दमला. मग आतनं पेज आणून दिली, म्हणाला, खा. पुढं दर साली गेणबाचं बिऱ्हाड त्याच्याच रानात बसायचं.

बयाबाई : आबा, ती काय मेंढरं हाईत व्हय? तिथं सायबं बसल्यात, कागदं हाईत, इसा का फिसा हाय! पोरीची नोकरी जाईल.

म्हस्कू आबा : जाईल बी. मी कुठं म्हणतो न्हाई जायाची?

बयाबाई : आन् जाईना का! धाडली घरी तर येऊ दे. दौंडच्या स्थळाची माणसं अजून थांबल्यात. पोरगा रेल्वेत हाय, घर सोताचं हाय. कुणाच्या म्हातारीचं पाय चोळायची पाळी येणार न्हाई.

प्रगती : म्हणजे तुला हेच पायजे होतं.

बयाबाई : मला काय पायजे व्हतं?

प्रगती : मी हात हलवत परत यावं, हेच.

बयाबाई : आगं, सकाळी उठल्या उठल्या मी आधी तिकडचं हवामान बघती फोनवर. बर्फाचं चित्र दिसलं की काम सुचत न्हाई मला. आजारी पडलीस तर कोण हाय तिथं? पोरगी हितं नजरंसमोर असावी वाटलं, तर एवढं काय वंगाळ झालं त्यात?

प्रगती : वाईट नाही, आई. पण मला नाही यायचं. कियोआजी दुसऱ्या कुणाच्या हातानं जेवत नाही, माझ्या हातानं जेवते. मला जमतंय हे काम. पुढची परीक्षा दिली की पक्की होईन मी इथं. मी रडत असते, पडत असते, बाटल्या चुकीच्या वारी ठेवत असते, पण मला इथंच राहायचंय.

म्हस्कू आबा : बया, ऐकलंस का?

बयाबाई : ऐकलं. बहिरी न्हाई मी.

म्हस्कू आबा : मग पोरी, तुला तिथं ऱ्हायाचं असंल तर त्या दुसऱ्या पोरीला घरी धाडून ऱ्हाता यायाचं न्हाई. ऱ्हाशील, पण तुझं तुला गोड लागणार न्हाई.

प्रगती : मला पण तेच वाटतंय, आबा. रात्रभर तेच वाटत होतं.

बयाबाई : सांगायचंच असंल तर माझं नाव सांग. आईनं वाटी दिली, आईनं शिकवलं म्हणावं. मला फोनवर घ्या म्हणावं. मी हात जोडीन त्यांच्याम्होरं.

प्रगती : नाही. चोळले मी, पुसले नाहीत मी.

बयाबाई : बरं बाई. केस नीट बांधून जा. आन् उपाशीपोटी जाऊ नगं, चक्कर येती तुला.

(दुपार. न्हावऱ्याच्या शिवारात, कांद्याच्या वाफ्यावर बयाबाईचा फोन वाजतो. आबा बांधावर बसलेले.)

बयाबाई : किती येळ गं! हितं कांद्यात बसलीया, काय उपटलं आन् काय ठेवलं माझं मलाच ठाव न्हाई. बोल. धाडत्यात का?

प्रगती : आधी ऐक तर.

बयाबाई : म्हंजी धाडत्यात.

प्रगती : नाही धाडत, आई.

बयाबाई : खरं सांगतीस?

प्रगती : खरं. घरी नाही धाडत.

म्हस्कू आबा : आधी हे सांग, तू बोललीस का न्हाई?

प्रगती : बोलले आबा. मीटिंग सुरू व्हायच्या आधीच. सगळं पाठ करून गेले होते, तिथं गेल्यावर एक शब्द आठवंना. मग वाटी काढली, खोबरेल काढलं आन् माझ्याच पायावर घासून दाखवलं.

बयाबाई : सायबांच्या म्होरं? मोजा काढून?

प्रगती : मोजा काढून. हायाशीबाई नुसत्या बघत राहिल्या. पाय काळा झाला, मग रुमालानं पुसला. पुन्हा पांढरा.

म्हस्कू आबा : शाबास!

प्रगती : शाबास काय आबा, मरणाची लाज वाटत होती. त्यात मोज्याला अंगठ्यापाशी भोक.

बयाबाई : तरी बोंबलत व्हते, नवं मोजं घे, नवं मोजं घे! काय म्हणाली असतील ती माणसं?

प्रगती : मोज्याचं कुणी काही नाही बोललं. पण हायाशीबाईंनी चांगलं झाडलं. म्हणाल्या, तेल लावलंस ते एक वेळ चालेल, कालपासून गप बसलीस ते नाही चालणार. तुझ्यामुळं लान रात्रभर झोपली नाही.

बयाबाई : खरंच बोलल्या. मीच तुला सकाळी गप ऱ्हा म्हणत व्हते. ती पोरगी काय म्हणाली?

प्रगती : तिथं रडली. बाहेर आल्यावर माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, असा सणसणीत की अजून दुखतंय. मग गळ्यात पडली.

बयाबाई : बरं केलं तिनं. आन् म्हातारीचा ल्योक?

प्रगती : मी त्याच्यापुढं वाकून माफी मागितली, तशीच वाकून राहिले. मग त्यानं विचारलं, का चोळलेत पाय? मी म्हटलं, गार होते म्हणून. तो म्हणाला, आईचे पाय गार असतात हे मला माहीत नव्हतं.

बयाबाई : अरं देवा.

प्रगती : मग आम्ही सगळे वर आजीच्या खोलीत गेलो. आजीनं मला बघितलं आन् सोताच मोजा ओढायला लागली. एरवी पाण्याचा पेला उचलत नाही. हायाशीबाई नको नको म्हणेपर्यंत पाय पुढं काढला पण.

बयाबाई : तू हात लावलास?

प्रगती : नाही. माझी हिंमतच झाली नाही. मुलगाच खाली बसला. कोटाच्या बाह्या मागं सारल्या आन् नुसत्या हातानं चोळायला लागला.

बयाबाई : टाचंकडनं वर चोळत व्हता का?

प्रगती : उलटं. बोटांकडून खाली.

बयाबाई : मग सांगायचं न्हाई का त्याला?

प्रगती : आई! तिथं माझी नोकरी टांगलेली, आन् मी त्याला शिकवत बसू?

म्हस्कू आबा : चोळू दे त्याला उलटं. आईचं पाय हाईत त्याच्या.

बयाबाई : आबांच्या बी डोळ्याला पाणी आलंय बघ. मघा सकाळी दात काढत व्हते. मग शिक्षा काय ठरली तुझी?

प्रगती : महिनाभर एकटीनं ड्युटी करायची नाही. लानच्या हाताखाली राहायचं. आन् डॉक्टर हो म्हणाले तरच वाटी चालेल, तोवर ती खोलीबाहेर काढायची नाही. मुलगा म्हणाला, डॉक्टरला मीच विचारतो.

म्हस्कू आबा : ही पेज आली बघ तुझी.

बयाबाई : प्रगती, एक सांगू? सकाळी तू फोन ठेवल्यावर मला आतनं वाटलं, धाडली तर बरंच व्हईल. खोटं कशाला बोलू. मग कांद्यात येऊन बसले आन् डोळ्याम्होरं तुझं तोंड, तुझ्या हातात बॅग. तशी उतरलेली तू शिरूरच्या स्टँडवर मला बघवली नसतीस गं.

प्रगती : आई, रडू नको ना.

बयाबाई : रडू दे मला. कुणी न्हाई हितं, हे म्हातारंच काय ते हाय.

म्हस्कू आबा : दौंडवाल्यांचं काय करायचं मग?

बयाबाई : काय करायचं? हिचा बाप कारेगावास्नं कंपनीतनं आला की फोन करायला लावते. पोरगी कामावर हाय म्हणावं, तुम्ही दुसरीकडं बघा. उगं कुणाच्या पोराला कशाला तंगवत ठेवायचं?

प्रगती : खरंच सांगशील?

बयाबाई : सांगितलं म्हणून समज.

प्रगती : आई, दिवाळीला सुट्टी मिळती का बघू? येऊ का?

बयाबाई : आता घरी यायला बी इचारतीस व्हय! ये की. पण परतीचं तिकीट काढूनच ये.