ही भिंत कोणी रंगवली?

दवाखान्यात माझ्या शेजारी सासूसुना बसल्या होत्या. सून नुकतीच डॉक्टरांना भेटून बाहेर आली होती.

“काय म्हणाले गं?”

“शिडीवरून पडल्यावर यांच्या मेंदूला सूज आली होती ना, ती इतके दिवस टिकून होती. चिडणं, रडणं, पडून राहणं, सगळं तिच्यापायीच. आता उतरत आलीये म्हणाले.”

“म्हणजे तुमचं भांडण नव्हतं?”

“नव्हतं हो, आई.”

“आणि मी चार महिने तुलाच बोल लावत बसले!”

“मीही मनात तुम्हालाच लावत होते. म्हटलं, लाडावून ठेवलंय.”

“घ्या! सूज त्याच्या मेंदूला आणि तोंडं फुगली आपली.”

“पण पहिल्यासारखे हसतील ना?”

“पहिल्यासारखा? अगं, तो कधी हसायचा? रंगारी तो, जन्म गेला भिंतींना नावं ठेवण्यात.”

तेवढ्यात तो बाहेर आला, थबकला आणि नखाने भिंत खरवडू लागला.

“ही कोणी रंगवली? पुट्टी न घासताच रंग फासलाय गाढवाने!”

“अहो, हळू! डॉक्टर ऐकतील.”

“ऐकू देत गं,” सासू हसत म्हणाली. “त्यांनीच तर ऐकायला हवं!”