माडातली गोळी

अरे, आमच्या मुरुडच्या मामांकडचं सांगितलं का तुला? मामा फौजेतून निवृत्त झालेले, घरात परवान्याचं पिस्तूल. एकदा साफ करताना गोळी सुटली ती थेट अंगणातल्या माडात. पलीकडे भोकच नाही.

मामा म्हणाले, "बरं झालं. आरपार गेली असती तर उरलेला जोर घेऊन कुणाला तरी लागली असती. आता वेग संपला, सगळा जोर माडात जिरला."

महिन्याभराने गणू नारळ काढायला आला, तेव्हा मामांनी त्यालाही हेच ऐकवलं. चढण्याआधी तो माडाला कपाळ टेकवतो. टेकवलं आणि झटकन मागे सरला.

"जिरलाय कुठं, मामा? आत अजून चाललीय ती. थांबलेली न्हाय."

मामा हसले. मीही हसत हसत खोडाला कान लावला.

माडाच्या ज्या बाजूला भोक नाही, त्या बाजूने मी अजून जात नाही.