दसऱ्याचा पाना

चिंचपोकळीच्या हार्डवेअरच्या दुकानात अवधूत रांगेत उभा होता. पुढे एक जोडपं होतं.

"अहो, घरात पान्यांचा अख्खा सेट पडलाय ना?"

"गंजलाय गं तो."

"न वापरता?"

"दर दसऱ्याला पूजा करतो की त्याची!"

"तेच म्हणतेय. हळद-कुंकवाने गंजलाय. ग्रीस कधी बघितलंय त्याने? बाईक आठवडाभर खाली बंद पडलीये, पोरगी टॅक्सीने क्लासला जातेय."

"म्हणून तर नवीन सेट घेतोय. बाईक आता मीच उघडणार, ललिता. शब्द आहे माझा."

तेवढ्यात दुकानदाराने दोन सेट काउंटरवर ठेवले.

"साहेब, हा दिसायला साधा, पण कामाला दणकट. हा नुसता चकचकीत. कुठला देऊ?"

"चकचकीत द्या. परवा दसरा आहे."