आवाजापेक्षा फास्ट

अबे, गजूची ती जीप आठवली का अजूनही हसू आवरत नाही मले! त्याच्यासाठी पोरगी पाहाले आम्ही दोघं चिखलीहून मोताळ्याले निघालो होतो. जीप उभी होती, पण सगळ्या सीटा भरल्याबिगर ड्रायव्हर चाबी फिरवेना.

गजू विमानांचा लय शौकीन. त्या ड्रायव्हरले म्हणे, “आवाजापेक्षा फास्ट विमान परत येऊन राह्यलं, भाऊ! लोक टाइमाचे पैसे देतात!”

ड्रायव्हरनं इचारलं, “मंग पहिलं तसलं विमान बंद काऊन पडलं होतं?”

“तुले नाही समजणार ते.”

अन् गजूनं शेजारी उभी असलेली दुसरी जीप अख्खी ठरवली. “पळव बे, पळव!”

काय पळवली राजेहो! म्हशी मागं, ट्रॅक्टर मागं, एसटीसुद्धा मागं! अन् बुलढाण्याच्या अलीकडं गाडी खोकली, बंद पडली. डिझेल खलास! आमचा ड्रायव्हर म्हणे, “रोजच्या चालीनं मोताळ्यापर्यंत पुरते, भाऊ. पळवा तर तुम्हीच म्हणले.”

तेवढ्यात मागून पहिली जीप आली, खचाखच भरलेली, डुलत डुलत. गजू नव्या शर्टात मागच्या फळीवर लटकला.

पुढून त्या जीपचा ड्रायव्हर ओरडला, “भाऊ, ते विमान बंद काऊन पडलं होतं, आता समजलं मले!”