एक फ्लॉपी, सारा रसमडा

पंजाबराव : पुन्हा सांगतो देवराव, त्या इंदूरच्या कंपनीचे शेअर आता रद्दीच्या भावातही कोनी घेत नाही. दलालानं हात जोडले.

देवराव : दलालाले काय समजते जी? त्यायचं सॉफ्टवेअर मी रोज वापरून राहिलो. आमच्या फाउंड्रीत पगाराचा हिशोब लावाले आधी आठवडा जाये. आता बटन दाबलं का पगारचिठ्ठ्या बाहेर! असा माल बनवनारी कंपनी डुबते काय?

वच्छला : याच बोलन्यावर मी रुआबांध्याचा प्लॉट विकू देल्ला, दादा. दोन खोल्या अन् आंगनात जांभूळ, एवढंच मागत होती मी. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलो.

पंजाबराव : पन देवराव, तुमाले शेअर घ्याचं सांगतलं कोनं?

देवराव : कोनी कावून सांगाव? डोळ्यानं दिसत होतं ना! इथं रसमड्याच्या कारखान्यायत पंखेवाल्याकडे तेच, पाइपवाल्याकडे तेच, जामुलच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडेही तेच. म्हटलं, इतके गिऱ्हाईक, तं कंपनीची चांदीच.

पंजाबराव : दलाल तं म्हने, आपल्या भागात त्यायचं गिऱ्हाईक एकच. तुमची फाउंड्री.

देवराव : एकच? अन् बाकी सारे?

पंजाबराव : तेच इचारतो. बाकीच्यायनं आनलं कुठून?



वच्छला : मले मालूम आहे. दर इतवारी खिशात फ्लॉपी टाकून स्कूटरवर निघत हे. याच्या कारखान्यात चढवून दे, त्याच्या चढवून दे. लोकं समोसा खिलवत, गुरुजी म्हनत. मले सांगत, चांगली चीज वाटली का पुण्य लागते.

देवराव : फुकट देल्ली मी. कोनाचा एक रुपया घेतला नाही.

पंजाबराव : अरे बाप्पा! तोच रुपया कंपनीले जाचा होता ना!

देवराव : मले वाटलं, जितके लोक वापरतीन, तितकी कंपनी मोठी होईन.

वच्छला : रिटायर झाल्यावर जाचं कुठं, ते सांगा आता. हा घरमालक तं आत्तापासूनच खोल्या मांगून राहिला. थांबा, दारात कोन आहे? पाइपवाल्यायचा सुखराम दिसते.

सुखराम : राम-राम काकाजी! हमारी फ्लॉपी बिगड़ गई, एक और बना दो. क्या बढ़िया चीज है! हमर साहब पूछ रहे थे, इसकी कंपनी के शेयर कहाँ मिलेंगे?

पंजाबराव : देवराव! लक्ष्मी दारात आली. द्या टाकून याच्या साहेबाच्या गळ्यात. प्लॉट नाही तं अर्धा प्लॉट तरी निघन.

वच्छला : हो म्हना ना जी. पाया पडतो तुमच्या, एकदा हो म्हना.

देवराव : सुखराम, फ्लॉपी ले जा बेटा. साहब से कहना, शेयर मत लेना. कंपनी डूब गई.

सुखराम : हाय राम! किसने डुबाई, काकाजी?

वच्छला : बस सुखराम, चहा पिऊन जा. तोही आमच्या घरी फुकटच आहे.