लासूरच्या जन्माच्या वह्या

…खरं तर हे तुम्हांला सांगायचं नव्हतं, साहेब. मामांनी बजावलंय — औरंगाबादचे साहेब वह्या न्यायला येतील, चहा दे आणि आत जा. पण तुम्ही त्यांच्या अक्षराचं कौतुक केलंत ना, म्हणून — ते अक्षर मामांचं नाही. माझं आहे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कळलं तर चावडीतली कारकुनी जाईल, म्हणून लासूरच्या आणि भोवतालच्या बारा खेड्यांच्या जन्माच्या उर्दू वह्या मीच मराठीत उतरवल्या. उर्दू? पोलीस ॲक्शनच्या आधी शाळेत उर्दूच होती की! मामी तर म्हणते, "लई शहाणी! हिनं वह्याच लिहाव्यात, भाकरी थापायला मी हाय."

चूक? नाही हो — म्हणजे, अक्षरात नाही. निजामाच्या फसली सालात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल येतं, असं मामा म्हणाले, मी मिळवत गेले — वह्याच्या वह्या. पण फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं, साहेब. जानेवारीपासून पुढं पाचशे एक्याण्णव हवेत, नाहीतर जन्म वर्षभर मागं जातो! माझ्या ध्यानात कधी आलं? परवा. मामांनी माझा जन्माचा दाखला मुलाकडच्यांना दाखवला तेव्हा. पंधरा पूर्ण! कायद्याला पंधरा लागतात ना? मी चौदाची आहे. माझं वय मीच वाढवून ठेवलं. मामांना सांगितलं, तर हसले — "एका वर्षानं काय बिघडतंय, पोरी? उलट बरंच झालं." कुणाचं बरं? जूनमध्ये मला आठवीत बसायचंय, आणि लग्न येत्या सोमवारी. आणि मी एकटीच आहे का? मल्हारी धनगराची सखू, तिचीही नोंद तशीच —

नाही, नाही, पेन काढू नका! मामांची नोकरी — मामा वाईट नाहीत हो, आई गेल्यावर त्यांनीच सांभाळलं. मी काहीच बोलले नाही असं समजा. चहा घ्या.

आले, मामी! — टांगा आला वाटतं, मुलाकडचे उतरतायत. साडी नेसायला बोलावतात. आले म्हटलं ना! — साहेब, लिहा. लिहाच. जुनी वही काढा, माझं नाव नाही सापडणार, वडिलांचं असतं — त्रिंबक, खुरदाद महिना, म्हणजे एप्रिल, मुलगी, साल तेराशे सत्ते—