उरलेलं क्रेडिट

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या लायब्ररीत टॅक्सचे फॉर्म मोफत भरून देत होते. स्वानंदी नंबर लावून बसली होती, तेवढ्यात मागच्या खुर्च्यांवर बाप-लेकीचं मराठी सुरू झालं.

“बाबा, फॉर्म भरणाऱ्या त्या बाई काय म्हणाल्या ते कळलं ना? टॅक्समधली सूट, ते क्रेडिट, नॉन-रिफंडेबल आहे.”

“म्हणजे माझ्या कॉलेजच्या फीचं क्रेडिट मिळालं नाही?”

“मिळालं. तुझा टॅक्स झीरो झाला. पण क्रेडिट टॅक्सपेक्षा जास्त होतं. उरलेलं हातात देत नाहीत.”

“पुढच्या वर्षी वापरू.”

“तसंही चालत नाही. उरलं ते गेलं.”

“लेऑफनंतर पगारच नाही, तर टॅक्स कुठून येणार जास्त!”

“एक्झॅक्टली.”

“केया, मी तुझ्या आईला सांगून बसलोय, रिफंड आला की पुढच्या सेमिस्टरची फी भरतो.”

“मग?”

“मग काय? सोडतो. छप्पन्नाव्या वर्षी एक्स-रे काढायला शिकून कोण नोकरी देणारे?”

“तुझ्या प्रोफेसरना तू आवडतोस. फी मी भरते.”

“मुलीकडून नाही घ्यायचे मला.”

“माझी फी भरलीस तेव्हा मी म्हटलं, बाबांकडून नाही घ्यायचे?”

स्वानंदीचा नंबर पुकारला, तरी ती लगेच उठली नाही.

“रजिस्ट्रेशन कधीपर्यंत आहे, बाबा?”

“शुक्रवार.”

“आजच करू या.”

“करू. पण कॉलेजच्या पार्किंगचा पास मी माझ्या पैशांनी काढणार.”